पाच लिटरचं इंजिन आणि साडेपाचचं ॲव्हरेज

प्रश्न: एका वाचकांकडे २००२ सालची मर्सिडीज-बेंझ सीएल ५०० आहे. पाच लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, दोन दरवाजे, १ लाख ४० हजार किलोमीटर धावलेली. दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतली. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरते, त्यातलं निम्म्याहून जास्त शहरातल्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत. हिशेबाने ॲव्हरेज साडेपाचचं पडतं, डॅशबोर्ड ६.१ दाखवतो आणि जुन्या माहितीपत्रकात साडेसातच्या आसपासचा आकडा आहे. घरात एक छोटी हॅचबॅकही आहे. गॅरेजवाल्याने गॅस किट सुचवलं, मित्राने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रीमॅप करायला (त्यातलं सॉफ्टवेअर बदलायला) सांगितलं, आणि घरचे म्हणतात, विकून टाका. वाचक विचारतात: गाडीत काय बिघाड आहे आणि पेट्रोलचा खर्च आटोक्यात आणायला काय करू?

उत्तर:

पत्रात तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली, साडेपाचचं ॲव्हरेज म्हणजे गाडीत नक्की काहीतरी बिघडलं आहे. दुसरी, या गाडीवरचा मोठा खर्च पेट्रोलचा आहे. पहिली कदाचित खरी असेल. दुसरी बहुधा नाही, आणि तिच्यामुळे तुमचं लक्ष चुकीच्या जागी खिळलं आहे.

आधी माहितीपत्रकातल्या आकड्याबद्दल. तेव्हाची युरोपीय चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर व्हायची: २० मिनिटं, सुमारे ११ किलोमीटर, वेग वाढवणं अगदी हळुवार, एसी बंद. त्यात शहराचा भाग चार किलोमीटरचा आणि उरलेला मोकळ्या रस्त्याचा. साडेसात हा या दोन्हींचा एकत्रित आकडा. तुमच्या फेऱ्या त्यातल्या फक्त पहिल्या भागासारख्या आहेत, त्याही एसी चालू ठेवून आणि खऱ्या ट्रॅफिकमध्ये. त्यामुळे साडेपाच हा आकडा ऐकून मला धक्का बसला नाही. हीच गाडी हायवेवर शंभरच्या आत स्थिर वेगाने दोनशे किलोमीटर नेली आणि तरी साडेपाचच मिळालं, तर मात्र बॉनेट उघडायला हवं.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंतच टाकी भरा. वर थोडं-थोडं ओतून घेऊ नका. अशा किमान तीन टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर लिहून काढा. शहराच्या आणि लांबच्या टाक्या वेगळ्या ठेवता आल्या तर उत्तम. डॅशबोर्डवरचा ६.१ कुठला आहे तेही पाहा: ‘स्टार्टपासून’चा की ‘रीसेटपासून’चा? वर्षभरापूर्वी रीसेट केलेला आकडा आजच्या टाकीशी ताडून काही कळत नाही. टायरचा आकारही बघून घ्या. मूळ २२५/५५ आर १७ च्या जागी खड्ड्यांसाठी म्हणून कुणी २२५/६० टाकले असतील, तर चाकाचा व्यास तीन टक्क्यांहून जास्त वाढतो, ओडोमीटर तितकं कमी मोजतं आणि ॲव्हरेज विनाकारण पडलेलं दिसतं.

आता हिशेब. शहरातल्या छोट्या फेऱ्या वर्षाला ३,५०० किलोमीटर धरू, त्यांचं ॲव्हरेज ४.७. लांबचे प्रवास २,५०० किलोमीटर, ७.२ ने. पहिल्याला ७४५ लिटर लागतात, दुसऱ्याला ३४७. एकूण १,०९२ लिटर, म्हणजे बरोबर साडेपाचचं ॲव्हरेज. (४.७ आणि ७.२ ची थेट सरासरी काढून ‘सहा यायला हवं होतं’ म्हणणारे बरेच भेटतात. लिटर आधी जोडायचे, भागाकार नंतर.) तुमचे खरे आकडे यात घाला, चित्र फार बदलणार नाही. थोड्या अंतराच्या फेऱ्या दोन तृतीयांशाहून जास्त पेट्रोल पितात.

याची कारणं साधी आहेत. या इंजिनात आठ लिटर ऑइल आहे, भरपूर कूलंट आहे आणि धातूचं वजनही मोठं. चार किलोमीटरमध्ये कूलंटचा काटा वर येतो, पण ऑइल आणि गिअरबॉक्स अजून कोमटच असतात. थंड असेपर्यंत ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी आयडलिंगही वाढवून ठेवतो. त्यात वजन. सुमारे १,९०० किलोची गाडी शून्यावरून साठच्या वेगाला न्यायला ३५ ते ४० मिलिलिटर पेट्रोल जळतं आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते डिस्कच्या उष्णतेत गेलं. चार किलोमीटरमध्ये असं आठ वेळा झालं तर सुमारे तीनशे मिलिलिटर केवळ थांबण्या-निघण्यात संपतात. उभ्या गाडीचं आयडलिंग तासाला एक ते दीड लिटर घेतं, ते वेगळं. यातल्या कशालाच बिघाड म्हणता येत नाही. कुठलाही मेकॅनिक ते दुरुस्त करणार नाही.

तेव्हा सगळ्यात मोठी बचत तुमच्याच पार्किंगमध्ये उभी आहे. छोट्या फेऱ्या हॅचबॅककडे द्या. तिने अशा फेऱ्यांत १३ दिलं असं धरलं, तर ३,५०० किलोमीटरला २६९ लिटर लागतील. वर्षाला पावणेपाचशे लिटर वाचले, एकही स्पॅनर न फिरवता. ही बचत नवे सेन्सर, प्लग आणि अलाइनमेंट या सगळ्यांच्या एकत्रित बचतीपेक्षाही मोठी असण्याची शक्यता आहे. फक्त सीएल महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आठ-दहा दिवसांतून एकदा २५-३० किलोमीटर, ऑइल पूर्ण तापेल इतकी चालवा. जागेवर उभी ठेवून दहा मिनिटं इंजिन चालू करणं याला पर्याय नाही. त्याने ऑइलमध्ये कच्चं पेट्रोल आणि पाणी उतरतं, बॅटरीही पुरती भरत नाही.

एवढं करूनही हायवेचं ॲव्हरेज साडेसहाच्या खाली राहत असेल, तर तपासणी या क्रमाने करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्वस्त आणि संभाव्य गोष्टी आधी येतात. बरेच जण नेमकं उलट करतात आणि सुरुवातच नवा एअर मास सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) विकत घेण्यापासून होते.

टायरची हवा सकाळी, चाकं थंड असताना बघा. दाबाचा तक्ता पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आहे. मग अर्धा तास गाडी चालवून, शेवटचा टप्पा फारसा ब्रेक न लावता, थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचं तापमान मोजा. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्यात २५-३० अंशांचा फरक दिसला तर तिथला कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकतो आहे. मागच्या चाकांत डिस्कच्या पोटात पार्किंग ब्रेकचे वेगळे ड्रम-शू असतात. ते जास्त घट्ट केले असतील तर तेही घासत राहतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवलं की लगेच कळतं.

नंतर थर्मोस्टॅट. या एम ११३ इंजिनाचा थर्मोस्टॅट ८७ अंशांना उघडतो. हायवेवर काटा साठ-सत्तरच्या घरात बसत असेल, तर तो उघडाच अडकला आहे. इंजिन कायम ‘थंड आहे’ असं समजून जास्त पेट्रोल मागतं. भाग स्वस्त आहे, काम सोपं आहे, आणि जुन्या गाडीत हा दोष फार वेळा दुर्लक्षित राहतो. कारण गाडी गरम होत नाही म्हटल्यावर मालक खूशच असतो.

मग स्कॅनर लावा आणि फॉल्ट कोडवर न थांबता लाइव्ह डेटामधला फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतो तो आकडा, वाचा. इंजिन पूर्ण तापलेलं हवं. दोन्ही बँकांचा (चार-चार सिलिंडरच्या दोन रांगांचा) लाँग टर्म ट्रिम उणे पाच ते अधिक पाच टक्क्यांत असेल तर इंजिनाकडे बोट दाखवणं थांबवा. दहाच्या पुढे गेला तर कुठे आणि कधी जातो ते बघा. आयडलिंगला अधिक पंधरा आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ शून्य: कुठून तरी हवा शिरते आहे. या इंजिनात ब्रीदरच्या रबरी नळ्या आणि इनटेकच्या सील तडकतात. उलट, आयडलिंगला ठीक पण लोड वाढला की ट्रिमही वाढत जातो: एअर मास सेन्सर कमी मोजतो आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतो आहे. ट्रिम उणे दहाच्या खाली असेल तर गळके इंजेक्टर, किंवा ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल. ही शेवटची शक्यता तुमच्यासारख्या छोट्या फेऱ्यांच्या गाडीत खरीच असते आणि ऑइल बदलल्यावर आकडा सुधारतो. फक्त एकाच बँकेचा ट्रिम बिघडलेला असेल तर एअर मास सेन्सरवर संशय घेऊ नका, तो दोन्ही बँकांना एकच आहे.

दीड लाख किलोमीटरच्या आसपास कन्व्हर्टरच्या आधीचे दोन ऑक्सिजन सेन्सर मंद होतात. कोड येत नाही, नुसतं पेट्रोल जातं. बदलायचे तर दोन्ही एकत्र. प्लगचं म्हणाल तर दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण सोळा. ‘आठ बदलले’ असं बिल आलं असेल तर आठ अजून आत आहेत.

गिअरबॉक्सकडे फारच थोडे लोक बघतात. तुमच्या गाडीत पाच गिअरचा ७२२.६ हा बॉक्स आहे. त्याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं सुरुवातीला सांगितलं गेलं, पुढे ६० हजार किलोमीटरला बदलण्याची शिफारस आली. तुमच्या गाडीत ते कधीच बदललं नसेल तर आधी हे करा. एमबी (मर्सिडीज-बेंझच्या) २३६.१४ मान्यतेचं ऑइल, फिल्टर, पॅनचं गॅस्केट, आणि सोबत तेरा पिनांच्या वायरिंग प्लगचं बूच. या बुचाच्या ओ-रिंगमधून ऑइल झिरपतं आणि वायरच्या आतून चढत थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. शंभर ग्रॅमचं प्लॅस्टिक वाचवण्यात कंट्रोल युनिट जातं. पातळी ८० अंशांना, खास डिपस्टिकने मोजायची. गाडीत ही डिपस्टिक मुळात दिलेलीच नसते, त्यामुळे ‘अंदाजाने भरलं’ म्हणणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नका. ॲव्हरेजशी याचा संबंध टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणाऱ्या क्लचमधून, येतो. सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये नव्वदला स्थिर असताना ॲक्सिलरेटर किंचित दाबा. वेग न वाढता आरपीएम दोन-तीनशेने उडत असेल तर लॉक-अप घसरतो आहे.

आता सुचवलेले उपाय. रीमॅपचा विचार सोडून द्या. हे टर्बो नसलेलं इंजिन आहे. स्थिर वेगाला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला एक असंच राखतो, आणि रीमॅपवाला तिथे काही काटकसर करू शकत नाही. टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दलही तेच.

गॅस किट जरा विचार करण्यासारखं आहे. एम ११३ वर सिक्वेन्शियल एलपीजी (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं किट) चालतं आणि नीट बसवलेलं वर्षानुवर्षं चालतं. पण कूलंट पुरेसा तापेपर्यंत किट पेट्रोलवरच राहतं. तुमच्या चार किलोमीटरच्या फेरीत ते गॅसवर येतं तोवर तुम्ही पोचलेले असता. म्हणजे जिथे खर्च आहे तिथे किट कामाचं नाही, आणि जिथे ते कामाचं आहे तो प्रवास तुम्ही वर्षाला अडीच हजार किलोमीटरच करता. शिवाय एलपीजीमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी, त्यामुळे लिटरचं ॲव्हरेज आणखी घसरतं. वर्षाला वीस हजार हायवे किलोमीटर चालवणाऱ्याला मी वेगळं उत्तर दिलं असतं. सीएनजीच्या जड सिलिंडरने तर डिकीच जाईल.

पेट्रोल कुठलं भरावं? ९५ ऑक्टेन. कॉम्प्रेशन दहाला एक आहे. कमी ऑक्टेन भरलं तर नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक ओळखणारे) इग्निशन मागे घेतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, इंजिन वाचतं, पण लिटरमागे वाचवलेले पैसे ॲव्हरेजमध्ये परत जातात. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असेल तर ऊर्जा तीन-साडेतीन टक्के कमी, वीस टक्के असेल तर सहा-सात टक्के. एवढी घट माहितीपत्रकाशी तुलना करताना आधीच वजा करा. २० टक्क्यांचं मिश्रण हे २००२ च्या रबरासाठी गृहीत धरलेलं नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या दरवर्षी हाताने दाबून, वास घेऊन तपासा.

आणि आता तो खर्च, ज्याचं नाव पत्रात एकदाही नाही. एबीसी, म्हणजे ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल. तुमच्या गाडीला साधं सस्पेन्शन नाही. बेल्टवर फिरणारा पंप दोनशे बारपर्यंतच्या दाबाने ऑइल चारही चाकांवरच्या स्ट्रटना (सस्पेन्शनच्या खांबांना) पोचवतो आणि वळणावर गाडी सपाट ठेवतो. हा पंप इंजिन चालू असेपर्यंत फिरतो, म्हणजे थोडं पेट्रोलही घेतो, पण तो मुद्दा किरकोळ आहे. खरी भीती बिघाडांच्या साखळीची. नायट्रोजन भरलेल्या ॲक्युम्युलेटरचा पडदा वयाने फाटतो. मग पंपाचे ठोके शोषले जात नाहीत. ते ठोके होज पाइप फोडतात, ऑइल वाहून जातं आणि पंप कोरडा पळून जळतो. वेळेत बदललेला एक ॲक्युम्युलेटर आणि न बदलल्याने गेलेले होज, पंप आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (स्ट्रटकडे जाणारं ऑइल नियंत्रित करणारा भाग) यांच्या बिलांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ॲव्हरेज एका किलोमीटरने सुधारून वर्षाला जे १६८ लिटर वाचतील, ते इथे एका दुपारी जातात.

म्हणून एबीसीचं हिरवं हायड्रॉलिक ऑइल आणि टाकीतला फिल्टर दर दोन वर्षांनी बदला. ऑइल एमबी ३४४.० मान्यतेचंच घ्या. गिअरबॉक्सचं लाल ऑइल यात टाकायचं नाही. फ्लश करताना स्कॅनरमधून चारही कोपरे खाली-वर करून जुनं ऑइल बाहेर काढावं लागतं. नुसती टाकी रिकामी करून भरली तर बहुतांश ऑइल जुनंच राहतं. आयडलिंगला स्टिअरिंगमध्ये किंवा फरशीत धडधड जाणवली तर ॲक्युम्युलेटर आधी बघा. रात्रभरात एक कोपरा खाली बसत असेल तर व्हॉल्व्ह ब्लॉकच्या सील गळत आहेत. त्याची घाई नाही, पण नोंद ठेवा. डॅशबोर्डवर एबीसीचा पांढरा इशारा आला तर हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. लाल इशारा आला तर जिथे आहात तिथे थांबा आणि फ्लॅटबेड बोलवा. ‘घर दोनच किलोमीटर आहे’ म्हणत पुढे नेलेल्या गाड्यांचे पंप त्या दोन किलोमीटरमध्येच जातात.

एबीसी काढून साधे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र) बसवायचा सल्लाही कुणीतरी देईलच. या गाडीला अँटी-रोल बार नाहीत, कारण ते काम एबीसी करतं. ते काढलं की गाडी वळणावर झुकते, आणि झुकू नये म्हणून स्प्रिंग कडक घेतले की जिच्यासाठी गाडी घेतली ती चाल जाते. शिवाय पंप स्टिअरिंगच्या पंपाशी जोडलेला आहे, त्याचीही सोय करावी लागते. स्ट्रट आणि ब्लॉक दोन्ही एकदम गेले असतील तरच हा मार्ग बघा.

बाकीचं थोडक्यात. इंजिन ऑइल वर्षातून एकदा, किलोमीटर कितीही कमी असोत, एमबी २२९.५ मान्यतेचं. टायर झिजण्याआधी वयाने संपतील: बाजूवरच्या चार आकडी कोडमध्ये आठवडा आणि वर्ष असतं, सहा वर्षांपुढे दरवर्षी तपासा. क्रँकची पुली आजच बघा, कारण या काळातल्या एम ११३ मध्ये पुलीचं रबर सुटतं. इंजिन चालू असताना ती डगमगताना दिसली तर गाडी चालवू नका, ती टायमिंग कव्हरमध्ये घुसते.

पैशांची सोय अशी करा: वर्षभरात पेट्रोलला जितके लागतात तितकेच दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा, आणि एखाद्या वर्षी ते खर्च झाले नाहीत तर दुसऱ्या कामाला वळवू नका. फेऱ्या हॅचबॅककडे गेल्यावर वाचलेले पावणेपाचशे लिटर ही त्यातली जवळजवळ अर्धी रक्कम झाली. उरलेली बाजूला ठेवणं जड जात असेल, तर घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे. मात्र त्याचं कारण ॲव्हरेज नाही. फक्त पेट्रोलसाठी ही विकून नवी गाडी घेणार असाल, तर नव्या गाडीची पहिल्या वर्षातली किमतीची घट आणि तिने वाचवलेलं पेट्रोल शेजारी-शेजारी मांडून बघा. वर्षाला सहा हजार किलोमीटरवर नवी गाडी हा सामना क्वचितच जिंकते. तुमच्या सीएलची घट बहुतेक आधीच्या मालकांनी सोसून झाली आहे.

विकायचंच ठरलं तर एबीसीचा इशारा येण्याआधी विका. गिअरबॉक्स आणि एबीसीच्या ऑइलची बिलं फाइलमध्ये लावा, आणि ॲव्हरेज विचारलं तर साडेपाच सांगा, सोबत तुमच्या टाक्यांची वही दाखवा. या गाडीचा जाणकार ग्राहक तो आकडा ऐकून मागे फिरत नाही. तो आधी गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगतो आणि सकाळी येऊन चारही कोपऱ्यांची उंची मोजतो.